पहिल्यांदा परदेशी निघताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तयारीची वाट

मुलगा दुबईत, मुलगी जर्मनीत आणि निवृत्त आईवडील आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, अशी घरं आता ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहेत. कुणी ग्रुपबरोबर थायलंडला निघतं, कुणी नोकरीच्या कामासाठी सिंगापूरला. निघणाऱ्याला धास्ती असते इंग्रजीची. पण तोडकंमोडकं इंग्रजी, हातवारे आणि फोनवरचं भाषांतर एवढ्यावर जगभर निभावतं. माणसं अडकतात ती कागदांवर, तारखांवर आणि ‘ते सगळं यांच्याकडे आहे’ या एका वाक्यावर.

म्हणून सुरुवातीलाच एक आग्रहाची गोष्ट. घरातून निघणाऱ्या प्रत्येकाचा पासपोर्ट, थोडे परदेशी पैसे, मुक्कामाचा पत्ता आणि एक फोन नंबर ज्याच्या त्याच्याकडेच असला पाहिजे. आजीकडेही, आणि कॉलेजातल्या मुलीकडेही. चौघांचे पासपोर्ट एका पाऊचमध्ये आणि ते पाऊच बाबांच्या गळ्यात, ही आपल्या घरांची जुनी सवय आहे. परक्या शहरातल्या मेट्रोचं दार मधेच बंद झालं आणि आई फलाटावर राहिली, तर त्या सवयीची किंमत तिला मोजावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही गोष्ट धरूनच वाचा.

पहिली पायरी: पासपोर्ट आणि त्यावरचं नाव

ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, फी भरून वेळ घ्यायची आणि मूळ कागद घेऊन जायचं. मोठ्यांच्या ३६ पानी, १० वर्षांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. तत्काळसाठी आणखी २,००० लागतात. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर किंवा ‘एमपासपोर्ट सेवा’ या अ‍ॅपवरच करा. हुबेहूब तसंच दिसणाऱ्या साइट काढून जादा पैसे उकळणारे बरेच आहेत. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, तेवढं तपासा.

घोडबंदर रोडला किंवा घणसोलीला भाड्याने राहत असाल, तर अर्जात आज राहता तोच पत्ता द्या आणि त्याचा पुरावा जोडा. पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते. गावचा पत्ता देऊन ‘तिथे काका आहेत, सांभाळून घेतील’ असा विचार केलात, तर पासपोर्ट लांबतो.

पासपोर्ट हातात आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, संपण्याची तारीख बघा. बरेच देश त्यांच्याकडे पोहोचल्या दिवसापासून सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट मागतात. तेवढी मुदत नसेल, तर विमान कंपनी आपल्याला इथूनच परत पाठवते. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे मागच्या सहलीला चाललेला यंदा चालेलच असं नाही. दोन कोरी पानंही असू द्या.

आता नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदरी पद्धत. पासपोर्टात मात्र रकाने दोनच: आडनावाचा एक आणि उरलेल्या नावाचा एक. म्हणजे सुनीता रमेश पाटील असेल, तर दुसऱ्या रकान्यात बहुधा ‘सुनीता रमेश’ असं एकत्र असतं. तिकीट काढताना, व्हिसाचा अर्ज भरताना, विमा घेताना पासपोर्टात जसं आहे तसंच अक्षरन् अक्षर लिहायचं. आधारवर काय आहे, बँकेत काय आहे, हे इथे बघायचं नाही. लग्नानंतर आधारवर नाव बदललं पण पासपोर्टवर माहेरचंच राहिलं असेल, तर तिकीट माहेरच्या नावाने काढा. त्यात कमीपणा काही नाही, आणि विमानतळावरचा एक मोठा घोळ टळतो.

काही जुन्या पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव एकाच ओळीत असतं. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ पासून त्यांतले, नावात एकच शब्द असलेले पासपोर्ट पर्यटकांसाठी बंद केले आहेत. घरातल्या ज्येष्ठांचा पासपोर्ट उघडून आजच बघून घ्या आणि रकाना रिकामा असेल तर आधी दुरुस्ती करा.

दुसरी पायरी: व्हिसा, आणि तिकीट कधी काढायचं

व्हिसाचे नियम बदलत असतात. ओळखीतल्या कुणाला मागच्या दिवाळीत लागला नव्हता, हा पुरावा धरू नका. ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर आपल्या तारखांसाठी काय लागतं ते पाहा. नेपाळ आणि भूतानला आपल्या मतदार ओळखपत्रावर जाता येतं, पासपोर्ट असेल तर उत्तमच.

थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर या आपल्या आवडत्या तिन्ही देशांत पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. थायलंडने हे १ मे २०२५ पासून सुरू केलं. तिन्हीकडे ते फुकट आहे. कार्ड भरायचे पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा. कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हेही ध्यानात असू द्या. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा वेगळा काढावा लागतो.

युरोपचा शेंगेन व्हिसा एकदा मिळाला की २९ देशांत चालतो. कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा, कारण मार्च-एप्रिलमध्ये वेळ मिळता मिळत नाही. इंग्लंड शेंगेनमध्ये नाही. लंडन आणि पॅरिस एकाच सहलीत करायचं तर दोन वेगळे व्हिसा, दोन वेगळ्या फिया आणि दोन वेळा पासपोर्ट जमा करणं आलं. त्यामुळे वेळापत्रक त्या हिशेबाने आखा.

स्वस्त तिकिटाच्या मागे लागताना मधला थांबा कुठला आहे, ते बघा. अमेरिकेतून पुढे कॅनडा किंवा मेक्सिकोला जाणारं विमान पकडायचं असेल, तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. तिथे विमानतळाबाहेर न पडता पुढे जायची सोय नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करणार असाल, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नसते. पहिल्या प्रवासाला एकाच बुकिंगवर सगळे टप्पे असलेलं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी.

एजंटकडून तिकीट घेतलंत तर त्याने दिलेला बुकिंग नंबर विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाकून बघा. तिथे आपलं नाव दिसलं, तरच तिकीट खरं. नोकरी लावून देतो म्हणून पर्यटक व्हिसावर थायलंडला किंवा कंबोडियाला चला असं कुणी म्हणत असेल, तर जाऊ नका. चांगल्या घरची शिकलेली मुलं तिथल्या आणि म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली आहेत आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार सावध केलं आहे. नोकरीसाठी जायचं तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहूनच पुढचं बोलणं करा.

तिसरी पायरी: पैसे

सगळे पैसे एकाच रूपात नेऊ नका. एक फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं), एक नेहमीचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड आणि थोडी रोकड, असे तीन वाटे करा आणि ते वेगवेगळ्या खिशांत, वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा. रोकड नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या अधिकृत परकीय चलनवाल्याकडून दोन-तीन ठिकाणी भाव विचारून घ्या आणि पावती जपा. विमानतळावरचा भाव बहुतेक वेळा महागच पडतो. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत बरोबर ठेवता येतात आणि परतल्यावर टॅक्सीसाठी त्या लागतातच.

भारतातली कार्डं परदेशात आपोआप चालत नाहीत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय वापर’ सुरू करावा लागतो. घरी बसल्या, वायफायवर, ओटीपी येतोय तोवर हे करून घ्या. तिथे पोहोचून सिम बंद पडल्यावर करायला गेलात, तर ओटीपीच येणार नाही.

दुकानात कार्ड लावल्यावर मशीन विचारतं, रुपयांत पैसे कापू की स्थानिक चलनात. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून आपण तिकडे बोट नेतो. नेहमी स्थानिक चलनच निवडा, कारण रुपयांतल्या भावात दुकानदाराच्या बँकेचा नफा मिसळलेला असतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच. यूपीआय सिंगापूर, दुबई, नेपाळ, श्रीलंका अशा काही ठिकाणी काही दुकानांत चालतं. पण त्याच्या भरवशावर राहू नका.

ट्रॅव्हल कंपनीकडून सहल घेतलीत तर बिलात टीसीएस नावाची रक्कम दिसेल. तो तुमच्या पॅनवर जमा होणारा कर आहे. आयकर विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरला जातो. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही अशा आईवडिलांनी विवरणपत्र भरलं नाही, तर तो परतावा तसाच राहून जातो. कंपनीकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या.

चौथी पायरी: विमा, औषधं आणि लस

प्रवास विमा स्वस्तातला स्वस्त घेऊ नका. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण बंधनकारक आहे. अमेरिकेला जाणाऱ्यांनी त्याहून बरंच मोठं घ्यावं, कारण तिथे साध्या फ्रॅक्चरचं बिलही घर हादरवून टाकतं. फॉर्म भरताना रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलं तर ऐन गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो. पॉलिसीवर जो चोवीस तासांचा मदत क्रमांक असतो, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. रुग्णालयात जाण्याआधी किंवा गेल्या गेल्या त्यावर कळवावं लागतं.

औषधं मूळ पाकिटातच न्या. आठवड्याच्या डबीत काढून नेलेल्या सुट्या गोळ्या कस्टम्सच्या अधिकाऱ्याला ओळखता येत नाहीत. डॉक्टरांकडून औषधातल्या मूळ घटकाच्या नावासह इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा, चार दिवस जास्तीची. इन्सुलिन चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर जमा करतो त्या बॅगेत, कधीच नाही. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची, दुखण्याची औषधं अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय चालत नाहीत. आपल्याकडे सर्दीवर सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. जपानमध्ये त्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर ते औषध नेता येत नाही.

केनियाच्या सफारीला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस प्रवासाआधी किमान १० दिवस घ्यावी, सरकारमान्य केंद्रावरच. प्रमाणपत्र एकदा घेतलं की जन्मभर चालतं. ते नसेल तर परतताना मुंबईत सहा दिवस विलगीकरणात बसवतात.

पाचवी पायरी: बॅग, आणि त्यातला फराळ

या पायरीवर जरा थांबून वाचा. परदेशातल्या लेकराकडे जाताना आपली बॅग निम्मी खाण्यानेच भरते, आणि ते प्रेम मला मनापासून कळतं. पण फराळाच्या डब्यातला एखादा पदार्थ दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकतो.

सगळ्यात आधी खसखस. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखशीवर बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. सिंगापूरमध्येही कडक नियम आहेत. आपल्या अनारशांवर खसखस, करंजीच्या सारणात खसखस, कांदा-लसूण मसाल्यातही खसखस. दुबईला किंवा सिंगापूरला जाताना यातलं काहीही नेऊ नका. घरचा मसाला द्यायचाच असेल, तर खसखस वगळून वेगळा कुटा आणि पाकिटावर घटक लिहा.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड, मटणाची चटणी, सगळं बाद. चकली, चिवडा, भडंग, लाह्यांचं पीठ, मेतकूट यांना सहसा कुणी हात लावत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाताना नियम सोपा आहे: खाण्याची प्रत्येक वस्तू आगमनाच्या फॉर्मवर जाहीर करायची. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेलं सफरचंद किंवा विसरलेली पुडी सापडली, तर न्यूझीलंडमध्ये जागीच ४०० डॉलर दंड होतो. मुलांनी विमानातून उचललेलं फळसुद्धा बॅगेत राहू देऊ नका.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नका. त्यात तेल भरपूर असल्याने त्या ज्वालाग्राही धरल्या जातात आणि सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. लोणचं, तूप, चटणीचं तेल हातातल्या बॅगेत चालत नाही. तिथे द्रव आणि लिबलिबीत पदार्थांची मर्यादा प्रत्येक बाटलीला १०० मिलिलिटर आहे. तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांनी सिंगापूरला जाताना खिसे रिकामे करून जावं. चघळायची तंबाखू, च्युइंग गम आणि ई-सिगारेट या तिन्हींवर तिथे बंदी आहे.

पॉवर बँक चेक-इनमध्ये कधीही ठेवायची नाही, ती हातातल्या बॅगेतच. १०० वॅट-तासांपर्यंतची साधारणपणे चालते. २०,००० एमएएचची नेहमीची बँक ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे मर्यादेत. अलीकडे अनेक कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत.

दुसऱ्याचं सामान नेण्याबद्दल मी फार कडक आहे, आणि तुम्हीही राहा. ‘एवढं पाकीट आमच्या भाच्याला द्या’ असं शेजारी म्हणाले, तर ते समोर उघडून, प्रत्येक वस्तू पाहून, स्वतःच्या हाताने भरलेलं असेल तरच घ्या. शिवलेलं, चिकटवलेलं पुडकं कुणाचंही घेऊ नका, सख्ख्या नात्यातलं असलं तरी. अमली पदार्थ सापडल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ हे आखातात किंवा सिंगापूरमध्ये सहजी ऐकून घेत नाहीत, आणि सिंगापूरमध्ये या गुन्ह्याला फाशीसुद्धा आहे.

विजेचा पिन प्रत्येक देशात वेगळा. ब्रिटन, दुबई, सिंगापूर, मलेशियात तीन चौकोनी पिनांचा, युरोपात दोन गोल, अमेरिकेत दोन चपटे. अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्टची असल्याने आपली इस्त्री आणि हेअर ड्रायर तिथे उपयोगाचे नाहीत. फोनचा चार्जर मात्र चालतो. दागिने घरीच ठेवा. अंगावर बरंच सोनं घालून जाणारच असाल, तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना ते आपलंच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

सहावी पायरी: घरातून विमानतळापर्यंत

आखात, आग्नेय आशिया आणि युरोपची कितीतरी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, वेळ ००:४० असं असेल, तर तुम्हाला ११ तारखेला रात्री साडेनऊला विमानतळावर असायला हवं. बारा तारखेची संध्याकाळ समजून घरी बसलेल्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर ‘घरातून निघायची तारीख आणि वेळ’ मोठ्या अक्षरांत लिहा आणि बाकीच्या तारखा त्यावरूनच ठरवा.

मग विमानतळ कोणता ते पाहा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली, सुरुवात देशांतर्गत मार्गांनी झाली. तिकिटावर ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई, ‘बीओएम’ असेल तर मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. परदेशी जायचं तर तिथलं सहारचं टर्मिनल दोन. दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी खास काळजी घ्या: जाताना एका विमानतळावरून आणि येताना दुसऱ्यावर, असं होऊ शकतं. गाडी घ्यायला येणाऱ्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

ठाण्याहून टर्मिनल दोनला जायचा नेहमीचा रस्ता पूर्व द्रुतगती मार्गाने विक्रोळीपर्यंत, तिथून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पश्चिमेला. संध्याकाळी सहा ते नऊ हा लिंक रोड अक्षरशः रांगतो. त्या वेळात निघणार असाल तर नेहमीच्या वेळेत किमान तासभर घाला. ऐरोलीकरांना पूल ओलांडून हाच रस्ता सोपा. वाशी, नेरूळकरांनी वाशीच्या खाडीपुलावरून मानखुर्द, चेंबूर असं जावं. पावसाळ्यात भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की चेंबूर-कुर्ला पट्ट्यात पाणी साचतं, तेव्हा दोन तास जास्तीचे धरा.

सामान कमी आणि विमान दिवसाचं असेल, तर ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याला मेट्रो तीन धरून पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन. रस्त्यावरच्या कोंडीशी काही संबंध नाही. रात्रीच्या विमानासाठी आणि तीन बॅगा घेतलेल्या आईवडिलांसाठी मात्र टॅक्सीच बरी.

विमान सुटायच्या तीन तास आधी पोहोचा. काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतो, मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच किंवा निदान ४८ तास आधी मागून ठेवा. टर्मिनल दोनमध्ये चालणं खूप आहे आणि पुढचे विमानतळ त्याहून मोठे असतात. ती मागण्यात संकोच नको.

शाकाहारी जेवणाबद्दल एक गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. विमानातलं ‘हिंदू मील’ शाकाहारी नसतं, त्यात चिकन किंवा मटण येऊ शकतं. शाकाहाऱ्यांनी ‘एशियन व्हेजिटेरियन’ आणि जैन मंडळींनी ‘जैन मील’ निवडायचं, तेही निघायच्या एक-दोन दिवस आधी.

सातवी पायरी: तिथे पोहोचल्यावर

इमिग्रेशनच्या खिडकीवर चार-पाचच प्रश्न असतात: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट आहे का. आईवडिलांना ही उत्तरं घरी एकदा म्हणून घेऊ द्या. मुलाचा पत्ता, फोन, हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट कागदावर छापून द्या, कारण विमानतळावरचं वायफाय लागेलच असं नाही. विचारलं तेवढंच आणि खरं सांगायचं.

भारतातलं सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येणार आहे. इंटरनेटसाठी ई-सिम किंवा तिथलं सिम घ्या. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन लागत नाही, फक्त निरोप जातात. दुबईत उतरल्यावर आई फोन उचलत नाही म्हणून ठाण्यात काळजी सुरू होण्याआधी हे दोन्हीकडच्यांना माहीत असू द्या.

हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते रोज सकाळी बाहेर पडतानाच ठरवा. युरोपातल्या बहुतेक देशांत, अमेरिकेत आणि दुबईत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. ही सवय दोन दिवसांत लागत नाही, म्हणून सिग्नललाच रस्ता ओलांडा. गाडी चालवणार असाल तर इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जा, तो एक वर्ष चालतो. थायलंडच्या बेटांवर तरुण मुलं स्कूटर भाड्याने घेतात. दुचाकीचा योग्य परवाना आणि हेल्मेट नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पैसे देत नाही.

परक्या देशात आपण पाहुणे आहोत हे वागण्यात दिसू द्या. थायलंडमध्ये राजघराण्याबद्दल वावगं बोलणं गुन्हा आहे आणि बुद्धमूर्तीबरोबर पोरकट फोटो काढणं त्यांच्या जिव्हारी लागतं. जपानच्या लोकलमध्ये फोनवर बोलत नाहीत. दुबईत अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

काही बिघडलं तर

आणीबाणीचा नंबर युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. दुबईत पोलीस ९९९ आणि रुग्णवाहिका ९९८. सिंगापूरमध्ये पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, त्यांचा नंबर ११५५ आणि ते इंग्रजीत बोलतात. ज्या देशात चाललात तेवढ्याच देशाचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा.

पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या. मग भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत जा. तिथे घाईच्या वेळी ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतात, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं, पुढची सहल करता येत नाही. पासपोर्टाची आणि व्हिसाची छायाप्रत वेगळ्या बॅगेत, दोन फोटो आणि ई-मेलवर एक प्रत असेल, तर हे काम पुष्कळ लवकर होतं. दूतावास ऐकत नाही असं वाटलं, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

बॅग आली नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. एकदा बाहेर पडलात की दावा मागणं अवघड होतं.

परतल्यावर दोन कामं पहिल्याच आठवड्यात उरकून टाका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डांचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. आणि विम्याचा काही दावा असेल तर बिलं, पोलिसांची किंवा विमान कंपनीची तक्रार आणि वापरलेले बोर्डिंग पास एकत्र करून पाठवा. दाव्याला मुदत असते, आणि बोर्डिंग पास हा कागद सगळ्यात आधी कचऱ्यात जातो.